नांगर, चरक आणि इंजिन : महाराष्ट्रातील जुनी शेतीयंत्रे

महाराष्ट्राच्या शेतीतील यंत्रयुग ट्रॅक्टरच्या आधी सुमारे साठ वर्षे सुरू झाले. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा लोखंडी चरक आणि तेलावर चालणारे इंजिन ही त्या युगाची पहिली पिढी. ही यंत्रे बैलांच्या ताकदीला पेलणारी होती, माणसाच्या हाताने फिरणारी होती आणि मोडली तर गावच्या किंवा तालुक्याच्या कारागिराकडे दुरुस्त होणारी होती. शेतीच्या इतिहासात लाकडी अवजारांचे वर्णन सविस्तर येते, हरितक्रांतीनंतरच्या ट्रॅक्टरचेही येते. मधला हा काळ मात्र दोन-चार ओळींत आटोपला जातो. शेतकामाची रीत, शेतकरी आणि कारागीर यांचे नाते, कुटुंबातली कामाची वाटणी हे सगळे पहिल्यांदा बदलले ते याच काळात.

त्याआधीची अवजारे लाकडाची होती आणि त्यांना लोखंड लागे ते फक्त टोकापुरते. नांगराचे खोड बाभळीचे, त्याला पुढे हळस, मागे धरायला रुमणे आणि खाली लोखंडी फाळ. हा नांगर माती फाडत जाई, पण उलटी करीत नसे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत तर तो दरवर्षी चालतही नसे. ही जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि पावसात फुगून आपली आपण खालीवर होते. तिथे खरे काम वखराचे. दोन जानावळ्यांत बसवलेली लोखंडी पास मातीच्या वरच्या थराखालून सरकते, तण मुळाशी कापते आणि ओल उडू देत नाही. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम कुळव करतो. हरळीने व्यापलेल्या भारी जमिनीत मात्र खोल नांगरटीशिवाय इलाज नसे. त्यासाठी लाकडीच पण अवजड नांगराला सहा-आठ बैल जुंपल्याच्या नोंदी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत आढळतात. खोल नांगरटीचे महत्त्व दख्खनच्या शेतकऱ्याला इंग्रजी पुस्तकांतून कळले, हा समज त्यामुळे टिकत नाही.

या सगळ्या अवजारांत सर्वांत कौशल्याचे अवजार म्हणजे पेरणीची पाभर किंवा तिफण. वर लाकडी चाडे, त्याच्या तळाशी भोके, भोकांतून फणांपर्यंत उतरणारे पोकळ नळे. चाड्यावर मूठ धरणारी व्यक्ती, बहुधा घरातली बाई, बैलांच्या चालीबरोबर चालत बोटांच्या फटीतून बी सोडत जाते आणि ते सगळ्या नळ्यांत सारखे वाटले जाते. मूठ सैल झाली की एका ठिकाणी दाट आणि दुसरीकडे विरळ पीक उगवते आणि ती चूक हंगामभर शेतात दिसत राहते. तुरीसारखे दुसरे पीक ओळीने घ्यायचे असेल तर मागे मोघा बांधून त्यातून वेगळे बी सोडत. १७९०च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातल्या अशा पेरणी-अवजाराचे वर्णन इंग्लंडच्या कृषी मंडळाला कळवले होते. तोवर आपण ओळीने पेरणी करणारे यंत्र हा युरोपचा आधुनिक शोध समजत होतो, असेही त्याने प्रांजळपणे लिहिले. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने पेरणीयंत्र बनवले ते अठराव्या शतकाच्या आरंभी. दख्खनची पाभर तेव्हा पूर्वापार चालत आलेली होती.

पाण्याचे यंत्र म्हणजे मोट. कातड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. मोटेला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोल असे दोन दोर. विहिरीच्या काठापासून उताराची धाव काढलेली असे. बैल धावेवरून खाली जात तेव्हा भरलेली मोट वर येई, सोंडेचे तोंड थारोळ्यात उघडे आणि पाणी पाटाला लागे. मग बैल पाठमोरे मागे सरत वर येत आणि मोट पुन्हा विहिरीत उतरे. दोन दोरांच्या लांबीतला फरक असा साधलेला असे की मोट ओतायला वेगळा माणूस लागत नसे. बैल खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसून आपल्या वजनाची भर घाली. साताऱ्याजवळ लिंब येथे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांच्या पुढाकाराने बांधलेली बारा मोटांची विहीर आजही उभी आहे. एकाच वेळी इतक्या मोटा चालवण्यासाठी वरचे बांधकाम कसे रचले होते, ते तिच्याकडे पाहून स्पष्ट कळते. पण सामान्य शेतकऱ्याच्या विहिरीवर एकच मोट असे आणि दिवसभर खपून जेमतेम काही गुंठे भिजत. पहाटे अंधारात मोट जुंपायची, ऊन चढले की सोडायची, तिसऱ्या प्रहरी पुन्हा जुंपायची. बैलांच्या खांद्याला सूज येई आणि मोटकऱ्याची कंबर धरे. मोटेवरच्या गाण्यांची गोडी खरी आहे, तसा हा शीणही खरा आहे.

ही अवजारे टिकत होती ती बलुत्याच्या व्यवस्थेवर. सुतार नांगर, पाभर, जू करून देई; लोहार फाळ शेवटून देई आणि पास धारेला लावी; चर्मकार मोट शिवी; मातंग नाडा आणि कासरे वळी. मोबदला रोख नसे, सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. या नात्यात जातीची उतरंड होती आणि कारागिराच्या वाट्याला येणारे धान्य देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राही. त्याचबरोबर हेही खरे की पेरणीच्या दिवशी फण तुटला तर तो त्याच दिवशी दुरुस्त होई, कारण सुतार-लोहार हाकेच्या अंतरावर असे आणि त्याला ते अवजार मुळापासून ठाऊक असे. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राने या सोयीची जागा कशी भरली, किंवा भरली नाही, हे पाहत गेले तर या इतिहासाचा बराच भाग उलगडतो.

एकोणिसाव्या शतकात सरकारी कृषी खात्याने इंग्लंड-अमेरिकेचे लोखंडी नांगर आणून पाहिले. ते इथल्या बैलांना जड जात, महाग असत आणि फाळ मोडला की नवा मिळायला महिने लागत. १८८९ मध्ये भारतात आलेला कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर याने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या घाईबद्दल सावध केले. इथला चांगला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतीत सरसही आहे, असे त्याचे मत होते. त्याची साधी अवजारे त्याच्या जमिनीला, बैलांना आणि ऐपतीला धरून आहेत, हे न ओळखता नवी अवजारे लादणे फोल ठरेल, हे त्याला दिसले होते.

ते ओळखून यंत्र बनवणारा माणूस बेळगावात निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मधला, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांच्या भागीदारीत १८८८ पासून सायकलींचे दुकान होतेच. त्या दुकानाच्या जोडीने त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे करायला घेतली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला.

तो नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, तिला विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. या समजुतीला नुसते अडाणीपण म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी एकच बैलजोडी, एकच पेरणी आणि डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, त्याला नवे अवजार फसले तर पुढचे वर्ष काढायला जागा नसते. त्याचा नकार त्या हिशेबातूनही येत होता. लक्ष्मणरावांनी शेतात नांगर चालवून दाखवला, मोडलेले सुटे भाग बदलून दिले आणि तक्रारी ऐकून रचना सुधारली. परदेशी नांगरांना जे जमले नव्हते ते यामुळे जमले. सुटे भाग जवळ मिळतात याची खात्री पटल्यावर नांगरावरचा विश्वास वाढू लागला.

बेळगावच्या नगरपालिकेच्या विस्तार योजनेत कारखान्याची जागा गेली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथे पोचले. निवडुंग आणि सापांनी भरलेला तो माळ होता. सोबत आलेल्या शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशा सहकाऱ्यांनी आणि कामगारांनी मिळून त्या माळावर कारखाना आणि वसाहत दोन्ही उभी केली. किर्लोस्करवाडी असे तिचे नाव पडले. तिथून नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि हातपंप बाहेर पडू लागले. १९२० मध्ये तिथून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्राचा जन्मही कारखान्याची बातमी ग्राहकांपर्यंत पोचवण्याच्या गरजेतून झाला; पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते मराठीतले मोठे मासिक झाले.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. त्या टंचाईत राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी ओतायला दिल्याची आठवण कोल्हापूर भागात अभिमानाने सांगितली जाते. युद्धानंतर लोखंडी नांगराची मागणी वाढली आणि दुसरे कारखानेही निघाले. त्यांत सातारा रोड येथील धनजीशा कूपर यांचा कारखाना महत्त्वाचा. १९२२च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या कारखान्याने नांगर आणि चरक काढले, १९३०च्या दशकात तो डिझेल इंजिनांकडे वळला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड ही दोन्ही ठिकाणे रेल्वे स्थानकांशेजारी होती, हे ध्यानात घ्यायला हवे. ओतीव लोखंड आणायला आणि तयार नांगर बार्शी-नगर-खानदेशाकडे पाठवायला रेल्वेशिवाय मार्ग नव्हता.

लोखंडी नांगराने शेतात काय बदलले? त्याचा वाकडा पाट मातीचे ढेकूळ उचलून पालथे घाली, त्यामुळे हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या उन्हात उघड्या पडत. उन्हाळ्यात एकदा चांगली नांगरट केली की त्या तणाचा त्रास काही वर्षे कमी होई. त्यासाठी भारी जमिनीत तीन-चार जोड्या लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून इर्जिक घालायची, पैरा करायचा, एकेक बैल असलेल्यांनी वारंगुळा करून जोडी जमवायची, या चालीरीती लोखंडी नांगराबरोबर आणखी बळकट झाल्या. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. नांगरट झाली की ज्याचे शेत त्याच्याकडे जेवण. यंत्र आले की माणसे एकमेकांपासून तुटतात असे सरसकट म्हटले जाते. या यंत्राने काही काळ तरी उलटे घडवले.

कारागिरांवर झालेला परिणाम मात्र दुहेरी होता. सुताराचे काम घटले, कारण लोखंडी नांगराला नवे खोड लागत नसे. लोहाराचे काम बदलले. तो कारखान्यातून आलेला ओतीव फाळ शेवटू शकत नव्हता, पण बोल्ट, पट्ट्या, वाकलेली हळस ही कामे त्याच्याकडे येऊ लागली आणि त्यांचा मोबदला हळूहळू रोखीत ठरू लागला. बलुत्याची वीण सैल होण्याला अनेक कारणे झाली. तालुक्याच्या दुकानातून विकत आणलेला फाळ हे त्यांपैकी एक, आणि त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

कडबा कापण्याचे यंत्र आकाराने लहान, पण घरादाराच्या रोजच्या कामावर त्याचा परिणाम मोठा. मोठ्या चाकाला दोन वाकडी पाती बसवलेली. एकाने मूठ धरून चाक फिरवायचे, दुसऱ्याने पन्हाळीतून कडब्याच्या पेंढ्या पुढे सरकवायच्या. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खाऊन बुडखे तसेच ठेवते. कुट्टी केली तर बुडखेही पोटात जातात आणि तोच कडबा जास्त दिवस पुरतो. दुष्काळी भागात ही बचत जनावर वाचवणारी होती. मात्र या यंत्राने बोटेही घेतली. वैरण सारणाऱ्याचा हात पात्याजवळ जाई आणि ते काम बहुधा बायका-मुलांकडे असे. पुढे पन्हाळीला संरक्षक झडप आणि वैरण आत ओढणारे दातेरी रूळ आले, तरी जुनी यंत्रे वर्षानुवर्षे तशीच चालत राहिली.

ऊस गाळण्यासाठी आधी लाकडी चरक होता. उभे लाकडी रूळ, त्यांच्या माथ्याला लांब लाट, लाटेला जुंपलेले बैल गोल फिरणार. लाकडी रुळांतून निघालेल्या चोथ्यात बराच रस राहून जाई. बिहारमधील बेहिया येथे थॉमसन आणि मिल्न यांनी १८७०च्या दशकात लोखंडी रुळांचा चरक काढला आणि तो देशभर पसरला. मग किर्लोस्कर, कूपर यांसारख्या कारखान्यांनी तीन रुळांचे चरक इथेच ओतायला घेतले. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या गुऱ्हाळांना या चरकाने मोठा आधार दिला. चरकाचे काम बैलांकडून इंजिनाकडे गेले, तरी गुळव्याचे काम बदलले नाही. काहिलीतला रस कधी उतरायचा हे तो फेसाच्या रंगावरून आणि पाकाच्या ताणावरून ठरवी. ते कोणत्याच यंत्राला सोपवता आले नाही. चुलवाणात चिपाडे सारणारा जळव्या आणि काहिलीशी उभा गुळव्या यांच्यातला मेळ जमला तरच ढेप चांगली पडे. लोखंडी रुळांनी जास्त रस दिला, त्याबरोबर या दोघांवरचा कामाचा ताणही वाढला.

तेलावर चालणारी इंजिने पहिल्यांदा इंग्लंडहून आली. रस्टन-हॉर्न्सबी, ब्लॅकस्टोन, पेटर, लिस्टर ही नावे बागायती गावांतल्या जुन्या माणसांच्या तोंडी होती. सुरुवातीच्या काही इंजिनांचा माथा स्टोव्हसारख्या दिव्याने लाल होईपर्यंत तापवावा लागे, मगच ती पेट घेत. त्यानंतर डिझेल इंजिने आली आणि नुसते हँडल मारून चालू करता येऊ लागले. ग्लॉस्टरशायरमधील डर्सली गावी बनणारे लिस्टरचे मंद गतीचे इंजिन विशेष नावाजले गेले. दोन्ही बाजूंना जड चाके, ६ अश्वशक्ती, मिनिटाला सुमारे ६५० फेरे. आधी दाब सोडणारी दांडी उचलून ठेवायची, हँडलने चाकांना वेग आणायचा आणि मग दांडी पाडायची. वेग पुरेसा असेल तर इंजिन पेट घेते. नसेल तर पुन्हा सुरुवात. हँडल उलटे फिरून मनगट मोडल्याच्या घटना घडत, म्हणून हे काम पोराटोरांना करू देत नसत.

इंजिन बसवायचे कोठे, हा प्रश्न विहिरीने ठरवला. पंप पाणी वर ढकलू शकतो, पण खालून ओढून घेण्याला हवेच्या दाबाची मर्यादा असते. व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा जास्त खोलीवरून तो पाणी ओढू शकत नाही. दख्खनच्या विहिरी याहून खोल. म्हणून विहिरीच्या कडेला, पाण्याच्या जवळ, खडकात कोनाडा किंवा ओटा काढून तिथे इंजिन-पंप उतरवत. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की यंत्रही खाली न्यायचे, पावसाळा येण्याआधी साखळीने ओढून वर घ्यायचे. धुराची नळी नीट बाहेर काढली नाही तर विहिरीत धूर साठे आणि खाली उतरलेला माणूस गुदमरे. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. अनेक जुन्या विहिरींत हे ओटे आजही दिसतात. धावेचा चढ आणि इंजिनाचा ओटा एकाच विहिरीवर असेल, तर पाणी उपसण्याच्या दोन पिढ्या तिथे जागेवर वाचता येतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास इंजिने देशातच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुण्याजवळ खडकीला तिचा कारखाना उभा राहिला. एमआयटीतून १९२६ मध्ये पदवी घेऊन आलेले लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी या विस्ताराचे नेतृत्व केले. मिनिटाला १,५०० फेऱ्यांचे, ५ अश्वशक्तीचे त्यांचे एव्ही-१ इंजिन आटोपशीर होते आणि विहिरीच्या ओट्यावर कमी जागेत मावे. दुसरीकडे राजकोटच्या कारागिरांनी लिस्टरच्या जुन्या रचनेवरून इंजिने बनवायला सुरुवात केली. ती वजनाने जड, किमतीने स्वस्त आणि उघडून दुरुस्त करायला सोपी होती. या दोन वाटांनी इंजिन सामान्य बागाईतदाराच्या आवाक्यात आले.

इंजिनाचा खरा गुण त्याच्या पट्ट्यात होता. एकाच चाकावरून पट्टा काढून पंपाला, चरकाला, कुट्टी यंत्राला, मळणी यंत्राला किंवा पिठाच्या गिरणीला लावता येई. ज्याच्याकडे इंजिन तो हंगामात शेजाऱ्यांचा ऊस गाळून देई, आणि एरवी गिरणी चालवी. गिरणीच्या धुराड्याचा ठेका दुसऱ्या वाडीपर्यंत ऐकू जाई आणि दळण घेऊन निघायची वेळ बायका त्यावरून ठरवत. जात्यावरचे पहाटेचे कष्ट या इंजिनाने कमी केले. शेतकरी बाईचे श्रम वाचवणारे पहिले मोठे यंत्र म्हणून पिठाच्या गिरणीचे नाव शेतीयंत्रांच्या इतिहासात घेतले पाहिजे. ते बहुतेक याद्यांतून गळते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर गावोगाव वीज पोचू लागली. विजेची मोटर लहान, धूर नाही, हँडल नाही, कळ दाबली की पाणी. मोट मागे पडत होतीच. १९७२च्या दुष्काळात जनावरे दावणीला मेली किंवा बाजारात मिळेल त्या भावाला गेली आणि बैलांवर उभी असलेली पाणी उपसण्याची रीत पुन्हा सावरली नाही. मोट शिवणारे आणि नाडा वळणारे हात रिकामे झाले. कित्येकांनी शहराची वाट धरली. ज्यांच्या वाट्याला गावात अपमान आणि अपुरे धान्य येत होते, त्यांच्यासाठी यात सुटकाही होती. कला गेली आणि पोट भरायचे साधनही गेले, हेही खरे.

मळणीचा बदल तुलनेने सरळ झाला. खळ्यात मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात, मग वावडीवर उभे राहून वाऱ्यावर उपणणी. वारा पडला तर रास तशीच पडून राही आणि रात्री खळ्यावर राखण करावी लागे. त्यात दगडी रोळ आला, सुरत जिल्ह्यातील ओलपाडचे नाव लागलेले, बैलांनी ओढायचे चकत्यांचे मळणी यंत्र आले, आणि पुढे इंजिनावर, नंतर ट्रॅक्टरवर चालणारे मळणी यंत्र. आठवड्यांचे काम तासांवर आले. सोयाबीन पसरल्यावर तर भाड्याचे मळणी यंत्र ही हंगामातली सर्वांत निकडीची गोष्ट बनली.

ट्रॅक्टर या मालिकेत शेवटी येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने अमेरिकी लष्कराची उरलेली यंत्रे वापरून मध्य भारतातली काँस गवताने व्यापलेली जमीन मोकळी केली. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशर कंपनीने १९५९ मध्ये फरिदाबादला काढला. मुंबईत १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली आणि १९६५ पासून कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. मूळचा तो ब्रिटनमध्ये बनणारा नमुना. साधी रचना, सुटे भाग तालुक्याला हजर आणि गावच्या मेस्त्रीला उघडता येईल अशी बांधणी यांमुळे तो दीर्घकाळ टिकला. जुना बी-२७५ डागडुजी करून चालवणारे शेतकरी आजही भेटतात. त्याच सुमारास मॅसी फर्ग्युसन, पुढे झेटरच्या नमुन्यावरचा एचएमटी, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत रचना झालेला स्वराज असे पर्याय आले. भूविकास बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेणारा शेतकरी आपल्या शेताबरोबर इतरांची नांगरट भाड्याने करू लागला.

भाड्याच्या नांगरटीने लहान शेतकऱ्याचा प्रश्न एका बाजूने सुटला. वर्षभर बैलजोडी पोसण्यापेक्षा एकरी भाडे परवडू लागले. इर्जिक आणि पैरा ओसरले, कारण पैसे दिले की काम होत होते. औत हे घराच्या ऐपतीचे माप होते, दोन औतांचा, चार औतांचा शेतकरी असे म्हणत; ते माप गेले. बैल गेले तसे शेणखत घटले आणि ते बाजारातून विकत घ्यावे लागू लागले. जड ट्रॅक्टरच्या चाकांखाली ओली जमीन दबून घट्ट होते, हेही अनुभवाला आले. बैलपोळ्याला पूजेसाठी अंगणात ट्रॅक्टर उभा करणारी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत.

यंत्रे आली ती मुख्यतः नांगरट, पाणी, मळणी या कामांत, म्हणजे पुरुष आणि बैल मिळून करीत त्या कामांत. खुरपणी, कापूस वेचणी, भाताची लावणी ही वाकून करायची बायकांची कामे हातांवरच राहिली. पेरणीत मात्र उलटे झाले. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने बी मोजून सोडायला सुरुवात केली आणि चाड्यावरची मूठ धरणारी बाई त्या कामातून बाजूला पडली; तिच्या कौशल्याला बाजारात भाव नव्हता, म्हणून ते गेल्याची खंतही फारशी व्यक्त झाली नाही. ऊसतोडणी अजून बऱ्याच अंशी कोयत्याने होते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या तोडणी मजुरांत नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते. तोडणी यंत्रे आली आहेत, पण लहान आणि वेड्यावाकड्या तुकड्यांत ती वळत नाहीत आणि त्यांची किंमत साध्या शेतकऱ्याला झेपत नाही.

जुन्या यंत्रांपैकी बहुतेक भंगारात गेली. ओतीव लोखंडाला वजनावर भाव मिळतो, त्यामुळे मोडका चरक किंवा नांगर ठेवण्यापेक्षा विकणे घरच्यांना सोयीचे वाटले. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात मोट, नांगरट आणि बलुतेदारांची कामे पुतळ्यांच्या रूपाने उभी केली आहेत आणि तिथे येणारी मुले मोटेपाशी हमखास थांबतात. मांडलेल्या अवजाराचा आकार कळतो. हळशीचा कोन किती ठेवला की फाळ किती खोल जातो, पट्टा किती ताणला की घसरत नाही, हे मात्र चालवणाऱ्याकडूनच कळते. असे चालवणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या हाताखाली यंत्र चालवून पाहणे, त्याची चित्रफीत करणे आणि सुट्या भागांची गावातली नावे लिहून ठेवणे हे काम कृषी महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि साखर कारखाने यांना सहज करता येण्यासारखे आहे. ते लवकर व्हायला हवे.

लिस्टरच्या नमुन्यावरची राजकोटची इंजिने विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेपर्यंत गेली. विजेच्या तारांपासून दूर राहणाऱ्या आणि जुन्या यंत्रांची हौस असणाऱ्या लोकांनी ती घरची वीज तयार करायला वापरली. पुढे तिथल्या प्रदूषणविषयक नियमांमुळे आयात आटली. महाराष्ट्रात या जुन्या बांधणीचा वारसा दुसऱ्या रूपात चालू आहे. बैल परवडत नाहीत आणि ट्रॅक्टर ओळींत शिरत नाही अशा शेतांसाठी गावोगावचे वेल्डिंगवाले जुन्या सायकलचे चाक, हँडल आणि लोखंडी पास जोडून सायकल कोळपे तयार करतात. कापूस, सोयाबीन आणि भाजीपाल्याच्या दोन ओळींमधून एक माणूस ते ढकलत नेतो. त्याची रुंदी शेतकऱ्याच्या ओळींच्या अंतराप्रमाणे कमी-जास्त करता येते आणि पास झिजली तर ती गावातच बदलून मिळते.